मुकी होडी

नवरा-बायकोचं भांडण लवकर मिटावं असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, ही जगाची रीत. मालकीणबाईंना मात्र आपल्या लेकाचं आणि सुनेचं भांडण निदान हंगाम संपेपर्यंत तरी टिकावं असं वाटत होतं. त्यासाठी त्यांनी देवाला साकडं घातलं नव्हतं, पण स्वतःचे हातपाय मात्र हलवले होते.

म्हणून त्या दुष्ट होत्या असं कुणी समजू नये. त्या व्यवहारी होत्या, आणि या दोन गोष्टींत थोडा फरक असतो. पाणथळाच्या काठावर, खांबांवर उभ्या केलेल्या पाच लाकडी खोल्या, एक स्वयंपाकघर, एक धक्का आणि धक्क्याला बांधलेली सपाट बुडाची होडी, एवढा त्यांचा पसारा. शहरातली माणसं सुट्टी घेऊन येत, मच्छरदाणीत घामाघूम होऊन झोपत, भल्या सकाळी होडीतून प्राणी-पक्षी बघायला जात आणि भुकेने कासावीस होऊन परत येत. होडी लेक वल्हवायचा. पुढच्या टोकाला सूनबाई बसायची, कारण तिच्या नजरेतून लव्हाळ्यातलं बेडकाचं पिल्लूसुद्धा सुटत नसे. स्वयंपाक, हिशेब आणि कुरकुर ही तीन खाती मालकीणबाईंकडे होती.

धंद्यात अडचण एकच होती. लेक आणि सूनबाई, दोघांनाही बोलायची भारी हौस.

"अहो, उजवीकडे घ्या."

"घेतोच आहे."

"हे उजवीकडे आहे? जेवता कुठल्या हाताने?"

"तू पुढे बघ ना, मी मागचं बघतो."

असं चालायचं. पाहुण्यांनी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत समोर उरायच्या त्या उडालेल्या बदकांच्या पाठी. दोन बगळे, एक कासव आणि सूनबाईच्या मामेभावाने नोकरी का सोडली याची साद्यंत हकिकत, एवढं पदरात घेऊन पाहुणे परत यायचे. बगळे तर खोलीच्या खिडकीतूनही दिसायचे. पाहुणे पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचे, आणि मालकीणबाई रिकाम्या खोल्यांच्या चादरी उगाचच पुन्हा धुवायच्या.

मग एके दिवशी ती मगर निघाली.

म्हणजे निघाली नाही, तेच तर झालं. सूनबाईने हात वर करून "मगर!" म्हटलं, होडीतले सगळे श्वास धरून वाकले, आणि लेकाने वल्ह्याने टोचून पाहिलं तर ती मगर गोल फिरून उताणी झाली. ओंडका होता. नुसतं हसून सोडलं असतं तरी सूनबाईने सोसलं असतं. पण लेकाने वल्हं छातीशी धरून त्या ओंडक्याला "मगरताई, नमस्कार" म्हटलं. पाहुणे हसले. दुपारच्या जेवणाला, जे होडीत नव्हते त्यांच्यासाठी, त्याने तो नमस्कार पुन्हा करून दाखवला. पाण्यातली मगर ओळखण्यात त्या भागात कुणी सूनबाईचा हात धरला नसता, आणि माणसाला त्याच्या हातखंड्याच्या कामात चिडवलं की ते जिव्हारी लागतं. तिने वाढायचा डाव टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "आजपासून मी तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही."

"बरंच झालं," लेक म्हणाला. त्यालाही आपलं तोंड कधी आवरायचं हे कळत नसे.

दुसऱ्या दिवशी होडी निघाली ती मुकी. सूनबाई मागे न बघता हात करी, लेक हात बघून वल्हं मारी. मूठ मिटली की थांबायचं, दोन बोटं वर केली की पाणमांजर, डोक्यावर दोन हातांचे कान केले की रानमांजर. या खुणा आधीपासूनच ठरलेल्या होत्या, फक्त वापरायची वेळ कधी आली नव्हती. दोघांचे चेहरे असे की पाहुण्यांनाही खोकायची भीती वाटावी. आणि त्या सकाळी पाणथळाने आपली सगळी माणसं बाहेर काढली. पाणमांजरांचं आख्खं कुटुंब काठावर बसून मासा खात होतं आणि पिल्लांना धपाटे घालत होतं. मगर निघाली, खरीखुरी. एक खंड्या तर होडीच्या टोकावरच येऊन बसला, सूनबाईच्या गुडघ्याशेजारी, आणि बराच वेळ हलला नाही.

पाहुणे परत आले ते कुजबुजतच. "किती वर्षांची साधना आहे हो ही?" एका बाईंनी मालकीणबाईंना विचारलं. "एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, आणि तरी सगळं कळतं."

"लग्नाला झाली तेवढी," मालकीणबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात दिवा लागला.

पाहुण्यांनी फोटो टाकले, फोटोंखाली कौतुक लिहिलं. फोन वाजायला लागला. मालकीणबाईंनी रंगाचा डबा शोधून काढला आणि धक्क्यावर पाटी लावली: 'मौन सफारी. होडीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत कुणीही बोलू नये.' दोघांनीही ती पाटी वाचली. दुसरा काय म्हणतो ते बघावं म्हणून दोघंही थांबले, आणि दुसरा काहीच म्हणाला नाही.

अबोला धरला तरी घर चालवावंच लागतं. त्यामुळे निरोप सुरू झाले. निरोप न्यायला घरात तिसरं माणूस एकच होतं.

सुरुवातीला मालकीणबाईंनी ते काम इमानाने केलं. "त्यांना सांगा, जेवण तयार आहे." सांगितलं. "तिला सांग, उद्या चार जण आहेत." सांगितलं. पण मग एका दुपारी लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, चौकटीवरचा रंग नखाने खरवडत.

"आई, तिला सांग... मी हसायला नको होतं. पाहुण्यांसमोर तर नकोच."

मालकीणबाईंनी कांदा चिरता चिरता मान डोलावली. त्याच सकाळी फोनवर एका बाईंनी मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, "तेच दोघं असतील ना? न बोलणारे?" आणि मालकीणबाई हो म्हणून बसल्या होत्या. त्या ओट्याशी थोडा वेळ घुटमळल्या. मग बाहेर जाऊन सुनेला म्हणाल्या, "तो म्हणतो, होडीतली चटई ओली आहे. वाळत घाल."

हे अगदीच खोटं होतं असं नाही. चटई ओली होतीच.

एकदा हात बसला की काम सोपं होत जातं. सूनबाईने निरोप दिला, "त्यांची पाठ दुखतेय, मला दिसतं. उद्या मी वल्हवते म्हणावं, त्यांनी पुढे बसावं." मालकीणबाईंनी लेकाला सांगितलं, "ती म्हणते, वल्हवताना सरळ बसा." लेकाने निरोप दिला, "तिला सांग, ती समोर बसलेली असते, तरी मला होडीत करमत नाही." तो सूनबाईला पोचला तो असा: "उद्या लवकर निघायचंय." लोक माशातले काटे काढून मासा वाढतात. मालकीणबाई मासा काढून घेत आणि काटे वाढत.

आणि हे सगळे मऊ तुकडे त्या टाकून देत नव्हत्या, असं त्या स्वतःला बजावत. मनात नीट जपून ठेवले होते. हंगाम संपला, पाहुणे गेले, की दोघांना समोर बसवून एकदम सगळे द्यायचे. तोवर प्रेम काय नासतंय थोडंच?

सगळ्यात अवघड निरोप सूनबाईचा आला. कपडे वाळत घालताना ती पाठमोरीच म्हणाली, "त्यांना सांगा, मी बोलायला तयार आहे. पहिला शब्द तेवढा त्यांनी बोलावा. कुठलाही. नुसतं 'अगं' म्हटलं तरी पुरे."

मालकीणबाई धक्क्यापर्यंत गेल्या. लेक होडीच्या बुडाला डांबर लावत होता. त्याने इतक्या आशेने वर पाहिलं की मालकीणबाईंची नजर आपोआप पाटीकडे वळली.

"काय म्हणाली?"

"मीठ संपलंय म्हणाली."

लेक तसाच उठला, भर उन्हात होडी घेऊन पलीकडच्या काठावरच्या दुकानात गेला आणि मिठाची आख्खी गोणी घेऊन आला. खांद्यावरून उतरवताना त्याची पाठ चांगलीच कळवळली. "एवढं मीठ कशाला रे?" मालकीणबाईंनी विचारलं. "तिने सांगितलं ना," तो म्हणाला, आणि सूनबाई बघतेय का ते बघायला दाराकडे वळला. सूनबाईने गोणीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बंद तोंडाकडे, आणि आत निघून गेली. त्या दिवशी मालकीणबाईंना जेवण गोड लागलं नाही. मीठ मात्र घरात पुष्कळ होतं.

अशा रीतीने सगळं उत्तम चाललं असताना, एका दुपारी मालकीणबाई इस्त्रीच्या चादरी ठेवायला सुनेच्या खोलीत गेल्या. सूनबाई पलंगावर बॅग उघडून बसली होती. रागाने कोंबाकोंबी चालली असती तर मालकीणबाईंना बरं वाटलं असतं, रागावर उपाय असतो. ती एकेक कपडा शांतपणे, कड जुळवून घडी करत होती.

"कुठे निघालीस?"

"ताईकडे. तिच्या शाळेत मुलांना पक्षी शिकवायला कुणीतरी हवंय. उद्याच्या लाँचने जाते."

"किती दिवस?"

सूनबाईने घडी केलेला कुर्ता बॅगेत ठेवला. मग म्हणाली, "आई, मी किती वेळा हात पुढे केला. तुम्हीच तर निरोप नेलेत. आणि त्यांच्याकडून मला आलेला सगळ्यात प्रेमाचा निरोप कुठला, माहितीये? 'चटई वाळत घाल.' भांडण झालं तर मी भांडेन. नको झाले असेन तर कशाला थांबू?"

मालकीणबाईंचे हात चादरींसकट तसेच राहिले. बोलायची हीच वेळ होती. पण जी वेळ बोलायची असते नेमक्या त्याच वेळी मोठमोठ्या बोलघेवड्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यांना एकदम दिसलं की या घरात आपल्या विनोदांना हसणारं एकच माणूस आहे. लेक कधी हसत नसे, त्याला ते लहानपणापासून पाठ होते. डब्यांची घट्ट झाकणं न सांगता उघडून ठेवणारं, पाहुण्यांसमोर आपली बाजू घेणारं आणि पाहुणे गेल्यावर आपल्याला कानपिचक्या देणारं माणूसही तेच. ते आता बॅगेत मोजे भरत होतं.

"अगं..." त्या म्हणाल्या.

तेवढ्यात खालून आवाज आला, "मालकीणबाई, गरम पाणी!" आणि मालकीणबाई, खरं सांगायचं तर, सुटल्यासारख्या पळाल्या.

लेकाशी बोलून बघू म्हणून त्या चहा घेऊन धक्क्यावर गेल्या. त्याला बॅगेचं कळलं होतं. "आई, आता काही निरोप नेऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्याकडचं सगळं सांगून झालंय. तिला नकोच असेल तर हट्ट कशाला करू?" मालकीणबाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "चहा गार होतोय." चहा चांगला वाफाळलेला होता.

गरम पाणी मागणारे पाहुणे म्हणजे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टरांचा सगळा जन्म लोकांची तोंडं उघडी ठेवण्यात गेला होता, पण घरी बंद करायचं तंत्र त्यांना सापडलं नव्हतं. मौन सफारीची जाहिरात वाचून त्यांचे डोळे पाणावले म्हणतात. डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्यापासून बोलत होत्या: जिना, जाळी, जावई, जेवण. नवऱ्याने पाटी दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, पण नुसतं 'अय्या' म्हटलं तर चालेल ना?"

सकाळी होडी निघायच्या वेळी मालकीणबाई साडी खोचून धक्क्यावर हजर. पुढच्या टोकाला सूनबाई, तिच्या पायाशी बॅग. फेरी संपता संपता मोठ्या पाण्याच्या वळणावर लाँच यायची, हात केला की थांबायची. सूनबाई तिथूनच चढणार होती. मागे वल्ह्याशी लेक, मधल्या फळीवर डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई.

"मीही येते," मालकीणबाई म्हणाल्या. "कित्येक वर्षांत आले नाहीये."

लेक आणि सूनबाई दोघांनीही चमकून पाहिलं. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाटीकडे दाखवलं. मालकीणबाईंनी पाय होडीत ठेवला होता, म्हणजे नियम लागू झाला होता. आपण रंगवलेल्या पाटीशी वाद काय घालणार? त्या मुकाट्याने बसल्या.

सकाळ फार सुंदर होती, पण मालकीणबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. पाण्यावर कमळांची पानं पसरली होती, पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, एक घोरपड झाडावरून सगळ्यांकडे तुच्छतेने बघत होती. सूनबाई हात करी, होडी वळे. त्या दोघांचं काम इतकं जुळलेलं होतं की बघणाऱ्याला ते प्रेमच वाटावं. आणि ते प्रेमच होतं, हे होडीत एकट्या मालकीणबाईंना माहीत होतं.

बोलायचं नाही तर खुणा करू, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी सूनबाईच्या खांद्याला हात लावला, मागे लेकाकडे बोट केलं, मग छातीवर हात ठेवून डोळे मिटले आणि सूनबाईकडे बोट केलं. सूनबाईने काळजीने पाण्याची बाटली पुढे केली. मालकीणबाईंनी मान हलवली. मग चूक माझीच, माझीच, हे सांगायला त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले.

होडीत वीज संचारल्यासारखं झालं. लेकाने वल्हं रोवून होडी जागच्या जागी थांबवली. सूनबाई गुडघ्यावर उठून काठाची झुडपं धुंडाळायला लागली. डॉक्टरांनी घाईघाईने दुर्बीण लावली. रानमांजर! मालकीणबाई जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होत्या, त्याचा अर्थ सगळ्यांनी 'हलू नका' असा घेतला. बराच वेळ बाकीची चारही माणसं एका झुडपाकडे जीव ओतून बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी झुडपाचे फोटो काढले, आणि नंतर शपथेवर सांगितलं की शेपूट दिसली होती.

होडी पुढे निघाली. आणि पुढच्याच वळणावर सूनबाईची दोन बोटं वर झाली.

काठाच्या चिखलावर पाणमांजरं होती, मोठी दोन आणि लहान तीन. मोठ्यातल्या एकाच्या तोंडात मासा होता आणि दुसरं तो ओढत होतं, आणि दोघांचं काहीतरी कचकच, किचकिच चाललं होतं, थांबायचं नावच नाही. पिल्लं कंटाळून एकमेकांवर लोळत होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्यांनी आयुष्यात एवढ्यासाठीच दात उपटले असावेत. लेक पाणमांजरांकडे बघत नव्हता. तो सूनबाईच्या पाठीकडे बघत होता. सूनबाईची पाठ ताठ होती.

तेवढ्यात लांबून लाँचचा भोंगा ऐकू आला.

सूनबाई हळूच खाली वाकली आणि तिने बॅगेचा पट्टा हातात घेतला.

मालकीणबाई उभ्या राहिल्या. होडीत कधी उभं राहू नये, हे त्याच प्रत्येक पाहुण्याला बजावायच्या. होडी डुलली, डॉक्टरीणबाईंनी डॉक्टरांना धरलं, आणि मालकीणबाई पाणथळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "'मी हसायला नको होतं!' हे म्हणाला होता तो! चटई मी सांगितली!"

पाणमांजरं माशासकट पाण्यात गेली. पाणकावळे उडाले, बदकं उडाली, आणि कुठेकुठे दडलेले, आजवर कुणीच न पाहिलेले शेकडो पक्षी एकदम आकाशात उठले. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"समोर बसलेली असतेस तरी करमत नाही म्हणाला! ते मी 'लवकर निघायचंय' केलं. आणि तू रे, तुला सरळ बसायला हिने नाही सांगितलं, तुझी पाठ दुखते म्हणून ही वल्हवायला तयार होती! आणि पहिला शब्द तेवढा तू बोल, कुठलाही चालेल, नुसतं 'अगं' म्हण, असं म्हणाली होती ही. मी सांगितलं, मीठ संपलंय!"

एवढं बोलून त्या धपकन खाली बसल्या. सगळे जपून ठेवलेले तुकडे संपले होते. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार थोडे निघाले, आणि प्रत्येक तुकडा एका माणसाला किती दिवस पुरला असता, ते आता त्यांना कळलं.

होडीत शांतता पसरली. जाहिरातीतल्यापेक्षाही मोठी.

लेकाने वल्हं आडवं ठेवलं. "अगं..." तो म्हणाला.

सूनबाई वळली. "म्हणजे ते मीठ..."

"मी गोणी आणली," लेक म्हणाला. "मला वाटलं, आख्खी गोणी बघून तू काहीतरी बोलशील."

"मी काय बोलणार? मला वाटलं माझ्या स्वयंपाकाला टोमणा मारताय!"

"गोणीभर टोमणा?"

"तुम्हाला जीभ नव्हती? स्वतः येऊन बोलायला काय झालं होतं?"

"तूच म्हणालीस ना, एक अक्षर बोलणार नाही!"

"मी बोलणार नाही म्हटलं होतं. तुम्ही बोलू नका असं कुठे म्हटलं?"

"आता हे काय उजवं-डावं काढतेस..."

"मी तुम्हाला सांगणारच होते ना," मालकीणबाई भीतभीत मध्ये पडल्या, "हंगाम संपला की मी सगळं..."

"आई, तू गप्प बस!" "आई, तुम्ही गप्प बसा!" दोघंही एकाच वेळी कडाडले, आणि आपण एकाच वेळी बोललो हे लक्षात येऊन क्षणभर थांबले. सूनबाईच्या ओठांचा कोपरा हलला. तिने तो लगेच जागेवर आणला.

"आता बोललं तर चालेल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत नवऱ्याला म्हणाल्या, "अय्या! किती छान झालं नाही?"

"मी पाणमांजरं बघायला आलो होतो," डॉक्टर म्हणाले.

"ती फोटोतही दिसतात हो. हे कुठे दिसतं?"

वळणावरून लाँच आली, वेग कमी केला, भोंगा दिला. लेकाने आडवं ठेवलेलं वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सूनबाईने लाँचकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, मग हात वर करून 'पुढे जा' अशी खूण केली. लाँच गेली.

"ताईकडे मी जाणार आहेच," ती नवऱ्याला म्हणाली. "पुढच्या महिन्यात. चार दिवस. तुम्हीही या. आता सरका, द्या ते वल्हं. पाठीचं धनुष्य झालंय नुसतं."

लेक पुढे आला, ती मागे गेली. होडीत एकमेकांना ओलांडताना तोल जाऊ नये म्हणून धरावं लागतं. तेवढ्यासाठी लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ त्यांनी एकमेकांना धरलं. डॉक्टरसुद्धा दुसरीकडे बघायला लागले.

मग सूनबाई वल्ह्याशी बसली आणि तिची नजर मालकीणबाईंवर आली. त्या नजरेत हसू नव्हतं. एवढ्या दिवसांचं रडणं होतं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आईंना सांगा, मी त्यांच्याशी बोलणार नाहीये. निदान महिनाभर."

"आई, ती तुझ्याशी बोलणार नाहीये. निदान महिनाभर."

"तिला सांग..." मालकीणबाईंनी सुरुवात केली.

"त्यांना सांगा, काही सांगू नका."

लेकाने तेही सांगितलं. मालकीणबाईंनी मान खाली घातली. महिनाभर. ठीक आहे. महिनाभर घरात कुणी त्यांच्या विनोदाला हसणार नव्हतं, आणि त्याला त्या लायक होत्या. होडी वळणाकडे निघाली. डॉक्टरीणबाई पिल्लांबद्दल बोलत होत्या, नवरा-बायको उजवं की डावं यावर पुन्हा लागले होते, आणि दूरदूरपर्यंत एक पक्षी दिसत नव्हता.

वळण जवळ आलं तशी सूनबाई बोलता बोलता थांबली.

"आईंना सांगा, पुढे पाणी ओढतं. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरा म्हणावं. आणि फळी ओली आहे, त्यांचा गुडघा धरेल. माझ्या बॅगेत वरच शाल आहे, ती खाली घ्यायला सांगा."

लेक वळला. "आई, पुढे पाणी ओढतं. दोन्ही हातांनी काठ घट्ट धर. आणि फळी ओली आहे, तुझा गुडघा धरेल. तिच्या बॅगेत वरच शाल आहे, ती खाली घे."

निरोपांतलं मालकीणबाईंना सगळं कळत होतं. हा आपण नेला असता तर कुठे कापला असता, तेही त्यांना अचूक ठाऊक होतं: 'काठ धरा' वर. लेकाने काही कापलं नव्हतं. त्यांनी बॅग उघडून शाल काढली, घडी करून खाली घेतली आणि दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. मग डोळे पुसायला हात मोकळा राहिला नाही, म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.